गाडी चालू आहे, काम मला सांगा

मुलुंड (पूर्व)
६ जुलै २०२५

अबोलीस जयभीम.

काल सकाळी गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावरून तू मला फोन केलास. तो मधेच तुटला असं तुला वाटलं असेल. तुटला नाही, मी ठेवला. दीड मिनिटात मी चार हॉर्न ऐकले, त्यातला एक नक्की तुझ्यासाठी होता, आणि तू मला विचारत होतीस की आत्या, गुडघा कसा आहे. माझा गुडघा ठीक आहे. तुझ्या गाडीपुढे दुसऱ्या कुणाचा गुडघा आला असता तर त्याची चौकशी कोणी केली असती?

यापुढे तू गाडी चालवत असताना केलेला फोन मी उचलणार नाही. घरी पोचल्यावर तुला वेळ नसतो, ऑफिसात मीटिंग असते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा पत्र लिही. पत्र लिहिताना माणसाला गाडी चालवता येत नाही, एवढा फायदा मला पुरे. पोस्ट लांब आहे असं सांगू नकोस. कांदिवलीला तुझ्या इमारतीसमोर पेटी आहे, मी पाहिली आहे.

किरण परवा आला होता. तुझ्याबद्दल बोलायला लागला की माझा भाऊ चहा थंड करतो. म्हणाला, अबोली अंधेरीच्या कंपनीत गाड्यांमधले फोन बनवते आणि आता एका कामाची मुख्य झाली आहे. कसलं काम ते त्याला धड सांगता आलं नाही. गाडीत फोन हवाच कशाला, हे तू मला सांग. मी पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली पहिली बारा ट्रंक बोर्डवर परगावचे फोन जोडण्यात. तेव्हा मला पटवून देणं सोपं जाणार नाही.

वनमाला आत्या

*

कांदिवली
११ जुलै २०२५

प्रिय आत्या,

तू फोन ठेवलास तेव्हा मला खूप राग आला होता. बाबांना सांगितलं तर ते हसत सुटले. म्हणाले, लिही आता, तुझी सुटका नाही. शाळेनंतर पहिल्यांदाच एवढं हातानं लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

काम सांगते. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या भागात शाळांच्या मुलांना ने-आण करणाऱ्या बस आहेत. त्यातल्या चाळीस एकट्या नानांच्या. नाना म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या एका बसमध्ये मी आठवडाभर फिरले. ड्रायव्हर खंडूभाऊ, माणूस सज्जन, गाडी झकास चालवतात. पण दुपारच्या एका फेरीत त्यांच्या मोबाइलवर तेवीस फोन आले. कुठे पोचलात? अजून किती वेळ? एसी लावलाय ना? एका आईनं विचारलं, आमच्या पिंकीनं डबा संपवला का? खंडूभाऊ मोबाइल कान आणि खांद्याच्या मधे धरून वळण घेत होते आणि सांगत होते, हो ताई, संपवला. त्यांना पिंकी कोण हेही माहीत नव्हतं.

माझा साहेब हर्षद म्हणतो, फोन बसमध्येच बसवू, समोर माइक, वर स्पीकर, ड्रायव्हरचे हात मोकळे. मी म्हटलं, हात मोकळे राहतील, डोकं नाही. माझं म्हणणं असं की चाक फिरायला लागलं की फोन बंद. इंजिन थांबलं की चालू.

हर्षद वाईट नाही गं. त्याला पुढचं दिसतं. म्हणतो, पाच-सात वर्षांत पुढच्या गाडीनं ब्रेक मारला की ती मागच्या गाडीला आपणहून कळवेल, सिग्नल बसशी बोलेल, आई घरी बसून मूल कोणत्या वळणावर आहे ते बघेल. मला ते सगळं पटतं. मला ते माझ्या हातानं करायचंय. पण खंडूभाऊ आज गाडी चालवतात.

आणि एक गोष्ट. यंत्र बसमध्ये बसण्याआधी एका कागदावर मुख्य इंजिनियरची सही लागते, की हे चालकासाठी सुरक्षित आहे. ती सही माझी. शेवटची तारीख १५ सप्टेंबर. हर्षदला त्याच्या स्पीकरवर माझी सही हवी आहे. मी नाही केली तर हे काम माझ्याकडे राहणार नाही, असं तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

तुझी अबोली

*

मुलुंड (पूर्व)
१५ जुलै २०२५

अबोलीस जयभीम.

अक्षर वाईट आहे, पण मजकूर चांगला आहे.

तुझं बरोबर, हर्षदचं चूक. बंद म्हणजे बंद. पिंकीनं डबा संपवला की नाही हे तिच्या आईला संध्याकाळी डबा उघडल्यावर कळेल. साहेबाला घाबरू नकोस.

गुडघ्याचं विचारलंस नाहीस, ते बरं केलंस.

वनमाला आत्या

*

कांदिवली
२७ जुलै २०२५

प्रिय आत्या,

माझी वाट लागली.

सोमवारी माझ्या पद्धतीचा फोन खंडूभाऊंच्या बसमध्ये बसवला आणि त्यांच्या मोबाइलऐवजी आईबापांना त्याचा नंबर दिला. तीन दिवस छान गेले. फोन एकही नाही, गाडी शांत, खंडूभाऊ गुणगुणायला लागले. गुरुवारी चेतना नावाच्या एका बाईंच्या सासऱ्यांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. घराला कुलूप. मुलगा ओजस, पहिलीतला. त्याला मावशीच्या इमारतीशी उतरवा हे सांगायला त्यांनी बसला फोन केला. एकदा नाही, नऊ वेळा. बस चालू होती, फोन बंद होता. माझ्या यंत्रानं सांगितलेलं काम चोख केलं.

बस नेहमीच्या फाटकाशी थांबली. ओजसला घ्यायला कोणी नाही. बसमध्ये मुलांना सांभाळायला एक बाई असतात, सुंदराबाई. वॉचमन म्हणाला, ठेवा इथे, मी बघतो. त्या म्हणाल्या, हातात हात दिल्याशिवाय मी मूल सोडत नाही. खंडूभाऊंनी इंजिन चालूच ठेवलं होतं, आता येईल कोणीतरी म्हणून, त्यामुळे फोन अजून बंदच. मागे गाड्यांची रांग, आतली मुलं कंटाळलेली, ओजस रडकुंडीला आलेला. वीस मिनिटांनी खंडूभाऊंनी इंजिन बंद केलं, तेव्हा नऊ फोन एकदम दिसले.

ओजस सुखरूप आहे. पण दुसऱ्या दिवशी हर्षदनं सगळ्यांसमोर विचारलं, ड्रायव्हरनं फोन उचलला असता तर? आता त्यानं त्याच्या स्पीकरचं यंत्र तयार करायला घेतलंय. नाना भडकले आहेत. मी काय करू?

अबोली

*

मुलुंड (पूर्व)
३० जुलै २०२५

अबोलीस जयभीम.

आधी माझी चूक. बंद म्हणजे बंद, असं मी तुला ठसक्यात लिहिलं. ट्रंक बोर्डवर मी एक दिवसही तसं वागले नव्हते. वय झालं की माणूस स्वतःचंच काम विसरतो आणि नुसता ठसका उरतो.

बोर्डवर आमच्याकडे तीन तऱ्हेचे कॉल असत, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगला सगळ्यांच्या आधी लाइन. पण कॉल कसला बुक केला यावरून मला काहीच कळत नसे. लाइटनिंग लावून लोक लग्नाच्या बँडबद्दल बोलत, आणि कोणाचं माणूस अत्यवस्थ असलं तर तो बिचारा ऑर्डिनरी लावून तीन तास बसून राही. मग मी विचारायला शिकले. अर्जंट आहे का, असं कधी विचारायचं नाही. सगळेच हो म्हणतात. विचारायचं, ठिकाण कुठलं आणि काम काय. ज्याच्यावर खरंच वेळ आलेली असते तो नाव, हुद्दा सांगत बसत नाही. तो सरळ म्हणतो, वाईच्या दवाखान्यात जोडा. ज्याला नुसती घाई असते तो आधी आपण कोण ते सांगतो.

म्हणजे फोन अडवायचाही नाही आणि सोडायचाही नाही. मधे एक माणूस हवं, जे विचारेल आणि ठरवेल. हर्षदनं ड्रायव्हरला फोन दिला, तू कुणालाच दिला नाहीस. त्या बसमध्ये आणखी एक मोठं माणूस बसलेलं आहे हे तुम्हा दोघा इंजिनियरांना दिसलं नाही. ज्या बाईनं वीस मिनिटं मुलाचा हात सोडला नाही, तिचा नंबर एकाही आईबापाकडे नाही? तिला कोणी विचारलं तरी का?

विचार आणि मला कळव.

वनमाला आत्या

*

कांदिवली
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात तीनदा वाचलं. आमच्या आराखड्यात ड्रायव्हरची सीट होती, मुलांच्या चाळीस सीट होत्या, दाराजवळच्या सुंदराबाईंच्या सीटला नावच नव्हतं.

नवीन यंत्र असं केलंय. बस चालू असताना कुणी फोन केला की आधी मशीन बोलतं. बस आत्ता कुठे आहे, तुमच्या फाटकाशी किती वाजता येईल, हे तेच सांगून टाकतं. निम्म्याहून जास्त फोन तिथेच संपतात. तरीही ज्याला बोलायचंय त्याचा फोन सुंदराबाईंच्या सीटजवळच्या रिसीव्हरवर वाजतो. खंडूभाऊंना घंटासुद्धा ऐकू येत नाही. फार गरज पडली तर गाडी उभी राहिल्यावर बाई बटण दाबून त्यांना जोडून देतील.

इथवर झकास. पण आत्या, चालत नाहीये. गुरुवारी आम्ही सहा फोन करून पाहिले. आमच्यातलाच एक जण चढ्या आवाजात म्हणायचा, ड्रायव्हरला दे. आणि सुंदराबाई उठायच्या, रिसीव्हरची वायर ताणून खंडूभाऊंच्या कानाला लावायच्या. सहाच्या सहा वेळा. मी त्यांना समजावलं, त्या मान हलवायच्या, आणि पुन्हा तेच. हर्षद म्हणाला, पाचवी शिकलेली बाई आहे, हुकूम आला की ऐकणार, तिच्याच्यानं नाही होणार हे. मी त्याच्याशी भांडले. पण खरं सांगायचं तर मनातून मलाही तेच वाटलं.

१२ सप्टेंबरला घाटकोपरला हॉलमध्ये सगळ्या बसमालकांना दोन्ही यंत्रं दाखवायची आहेत. सुंदराबाईंना जमलं नाही तर मी स्पीकरच्या कागदावर सही करून टाकेन म्हणते. निदान खंडूभाऊंचे हात तरी मोकळे राहतील.

अबोली

*

मुलुंड (पूर्व)
२० ऑगस्ट २०२५

अबोली,

तुला मनातून काय वाटलं ते तू लिहिलंस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लपवलं असतंस तर लिहिलं नसतं.

१९७६ साली मी बोर्डवर बसले, तेव्हा आमच्या सुपरवायझरबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या, या मुलीची भाषा लोकांच्या कानाला चालायची नाही. माझी बी.ए.ची पदवी त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी ती वाचली नव्हती, फक्त वरचं आडनाव वाचलं होतं. सहा महिन्यांत मी बोर्डवरची सगळ्यात जलद मुलगी झाले. ज्यांनी मला आपल्या घरी पाण्याचा पेला दिला नसता, त्यांना मी थांबा म्हणायची आणि ते थांबायचे.

हे तुझ्या बापानं तुला शंभरदा सांगितलं आहे आणि तू ते अभिमानानं मैत्रिणींना सांगतेस. मग पाचवी शिकलेल्या बाईला जमणार नाही हे तुझ्या मनात आलंच कसं? तिला येत नाही असं नाही. नाही म्हणायचा हक्क आपल्याला आहे, हे तिला आजवर कोणी सांगितलेलं नाही. ते समजावून होत नाही.

सही पंधरा तारखेला आहे. आज वीस ऑगस्ट. हात कसले टेकतेस?

सुंदराबाईंची बस दुपारी सुटायच्या आधी कुठे उभी असते? सहज विचारते. डॉक्टरांनी मला गुडघ्यासाठी चालायला सांगितलं आहे, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी घरी नसेन. उगाच येऊन कुलूप बघू नकोस.

वनमाला आत्या

*

कांदिवली
१३ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुला मी बस उभ्या राहायची जागा चिठ्ठीत कळवली, तुझं उत्तर आलं नाही, आणि मी मूर्खासारखी समजले की तू माझ्यावर रागावली आहेस.

कालचं सांगते. हॉलमध्ये तीसेक बसमालक. पडद्यावर नकाशा, त्यावर खंडूभाऊंची बस मुलुंडच्या शाळेतून निघालेली, ठिपका सरकतोय. आधी हर्षदचं यंत्र दाखवलं, दुसऱ्या बसवर. ड्रायव्हर गोड बोलला, सगळे खूश. मग माझं. मी ठरवलं होतं की आमच्यातला कोणीतरी ओजसच्या आईसारखा फोन करेल. तेवढ्यात नाना उठले. म्हणाले, खोटे फोन कशाला, बस माझी, मीच लावतो. मोबाइल स्पीकरवर टाकला. मशीननं ठिकाण सांगितलं, ते नानांनी ऐकून घेतलं नाही. सुंदराबाईंनी उचलला.

नाना म्हणाले, "खंडूला दे."

मी डोळे मिटले. मला ती ताणलेली वायर दिसत होती.

"गाडी चालू आहे. काम मला सांगा."

"अगं, नाना बोलतोय. मालक."

"ओळखलं. आधी काम सांगा, मालक. नाव नंतर."

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. नानांचा चेहरा लाल झाला. हर्षद खाली बघत होता. नाना आवाज चढवून म्हणाले की बस कोणाची आहे, हे तुला माहीत आहे का.

सुंदराबाई म्हणाल्या, "बस तुमची, मालक. आत एकतीस मुलं आहेत, ती तुमची नाहीत. सहा मिनिटांत भाजी मार्केटच्या थांब्याला गाडी उभी राहील. तेव्हा जोडून देऊ का?"

आवाज चढलेला नव्हता. घाई नव्हती. आत्या, मी तो आवाज ओळखला. लहानपणी मी दोनदा लाडू मागितला की मला तोच आवाज यायचा.

नाना म्हणाले, "नको. काही काम नाही." फोन ठेवून खाली बसले आणि शेजारच्या मालकाला म्हणाले, माझ्या गाडीवर अशी बाई आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मग मला विचारलं, हिला कोणी शिकवलं?

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी मी सुंदराबाईंना जाऊन विचारलं. म्हणाल्या, मुलुंडच्या ताई येतात ना, मंगळवार-शुक्रवार, गाड्या सुटायच्या आधी. स्वतः पुढच्या सीटवर बसतात, मोबाइलवरून कधी मंत्री होतात, कधी हेडमास्तर, कधी मालक, आणि माझ्यावर ओरडतात. मी उठले की म्हणतात, बसा, परत. पहिल्या दिवशी मी रडले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मंत्रीसाहेब, तुम्ही आधी नीट बोला. तर त्यांनी मला चहा पाजला.

गुडघ्यासाठी चालते, म्हणे.

नानांनी चाळीसही बस माझ्या यंत्रावर घेतल्या. प्रत्येक बसमधल्या बाईला रिसीव्हर, आणि तिचं नाव आईबापांच्या यादीत. तीन मालकांना मात्र हर्षदचं यंत्र हवंय. त्यानं दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, दोन्हीवर कर, औपचारिकता आहे. मी एकावर केली. दुसरा कोराच परत दिला. तो म्हणाला, यावर मी दुसऱ्याची सही घेईन. मी म्हटलं, घे, पण मी का नाही केली हे मी लेखी देणार आहे, तेही त्याला जोड. तो कागद अजून त्याच्या टेबलावरच आहे. पुढचं काम माझ्याकडे राहील का, माहीत नाही. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

तू सुंदराबाईंना शिकवलंस. मला का सांगितलं नाहीस?

तुझी अबोली

*

मुलुंड (पूर्व)
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय अबोलीस जयभीम.

तुझं एक वाक्य दुरुस्त कर. मी सुंदराबाईंना शिकवलं नाही. मी त्यांच्यावर ओरडले, एवढंच. एकतीस मुलांचं वाक्य त्यांचं स्वतःचं आहे, मला ते सुचलं नसतं. आणि तुला सांगितलं नाही, कारण जमलं नसतं तर तुझ्या मनातला विचार खरा ठरला असता.

आता एक गोष्ट लिहिते, ती किरणलाही माहीत नाही.

१९७७ साली माझ्या बोर्डवर एक बाई नांदेडला बोलत होती. तिची बहीण तिथे बाळंतपणात अडली होती. तीन मिनिटांच्या कॉलातलं एक मिनिट झालं असेल. तेवढ्यात एका बड्या साहेबांचा फोन आला, नांदेडची लाइन आत्ता हवी. मी थांबा म्हटलं. त्यांनी आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि माझं पूर्ण नाव विचारलं. मी नाव सांगितलं. मग ते फक्त "अस्सं" म्हणाले. मी तेवीस वर्षांची होते, नोकरी पक्की झालेली नव्हती, आणि किरणचं शिक्षण माझ्या पगारावर चाललं होतं. मी त्या बाईंना सांगितलं की तुमची तीन मिनिटं झाली, आणि लाइन काढून साहेबांना दिली. ते कोणाला तरी आंब्यांबद्दल बोलले. त्यानंतर नांदेडची लाइन जी बिघडली ती संध्याकाळपर्यंत लागली नाही. ती बाई चार वेळा विचारत राहिली. पुढे काय झालं मला माहीत नाही. ट्रंक बोर्डवर पुढचं कधी कळत नाही.

त्यानंतर मी कुणासाठीही लाइन काढली नाही. तुम्ही घरात जे किस्से सांगता ते सगळे त्यानंतरचे आहेत. खरे आहेत, पण त्यानंतरचे.

काल शेवटचं म्हणून मी बसपाशी गेले आणि सुंदराबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला तेव्हा ओरडून तयार करायला कोणी नव्हतं." मग त्यांनी मला त्यांच्या सीटवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहून मुलं मोजत गेल्या. मी खूप जणांच्या वरच्या खुर्चीवर बसले आहे. असं मला कुणी बसवलं नव्हतं.

तुझ्या कामाचं काय व्हायचं ते होईल. हर्षदला पुढचं दिसतं म्हणतेस, दिसू दे. गाड्या एकमेकींशी बोलायला लागतील तेव्हा त्यांनाही कोणीतरी सांगायला लागेल की काय अडवायचं आणि काय सोडायचं, आणि ते सांगणाऱ्याला हुद्दा ऐकून घाबरून चालणार नाही. ते तू करशील, या कंपनीत नाहीतर दुसऱ्या. मी तेवीसची होते तेव्हा लाइन काढून दिली. तू कोरा कागद परत दिलास. एका घरात दोन पिढ्यांत एवढं अंतर पुरेसं आहे.

हे पत्र किरणला वाचायला दे. बहिणीबद्दल त्याला जे वाटतं ते जरा कमी होईल, आणि मुलीबद्दल वाटतं ते आता योग्य तेवढं होईल.

वनमाला आत्या